डॉक्टर म्हणतात हेच औषध, इन्शुरन्स म्हणतं हे तर जेवण

शुगर फ्री गोळ्यांच्या डबीवर किंवा डाएट कोल्ड्रिंकच्या कॅनवर अगदी बारीक अक्षरात एक ओळ असते, फिनाइलकीटोन्युरिया असलेल्यांनी हे घेऊ नये अशा अर्थाची. आपण ती कधीतरी वाचतो, शब्द उच्चारायलाही जमत नाही म्हणून सोडून देतो. पण ज्या घरात हा आजार असलेलं मूल आहे त्या घरात रोज प्रत्येक पाकिटाची मागची बाजू अशीच वाचली जाते, आणि फक्त गोड पदार्थांचीच नाही, पोटात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची.

या मुलांना जगायला आणि शिकायला एक खास आहार लागतो, तो डॉक्टर लिहून देतात, तो महाग असतो, आणि आयुष्यभर लागतो. इन्शुरन्स कंपनीकडे बिल गेलं की उत्तर येतं, हे अन्न आहे, उपचार नाही. हे उत्तर कुठून येतं आणि ते बरोबर आहे का, ते नीट समजून घेऊ.

आधी आजार काय असतो ते

आपण जे खातो त्याचे शरीरात तुकडे होतात आणि त्या तुकड्यांचं पुढे कशाचं तरी कशात रूपांतर होत राहतं, यालाच चयापचय म्हणतात. प्रत्येक पायरीवर एक कामगार असतो, त्याला एन्झाइम म्हणतात. काही मुलं जन्मतःच यातला एखादा कामगार न घेता येतात, कारण तो बनवण्याची सूचना ज्या जीनमध्ये असते त्यात आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली कॉपी आलेली असते. आईवडील स्वतः अगदी ठणठणीत असतात, त्यांच्याकडे एकेक चांगली कॉपी असते ना. त्यामुळे घराण्यात असं कधी कुणाला नव्हतं हे वाक्य या घरांमध्ये फार ऐकू येतं.

फिनाइलकीटोन्युरियात, याला पुढे पीकेयू म्हणू, फिनाइलअ‍ॅलनीन नावाचा प्रोटीनमधला एक घटक पुढे ढकलणारा कामगार नसतो. बेसिनचा नळ चालू आहे आणि खालची नळी तुंबलीये असं डोळ्यासमोर आणा. पाणी साचत जातं आणि एका क्षणी बाहेर येतं. इथे साचतं ते फिनाइलअ‍ॅलनीन आणि त्याचा फटका बसतो वाढत्या मेंदूला. नळी मोकळी करता येत नसेल तर हातात एकच गोष्ट उरते, नळ बारीक करायचा. पूर्ण बंद मात्र करता येत नाही, कारण शरीर वाढायला थोडं फिनाइलअ‍ॅलनीन लागतंच.

असे शेकडो आजार आहेत आणि प्रत्येकाची तुंबलेली नळी वेगळी. मेपल सिरप युरिन डिसीजमध्ये प्रोटीनमधलाच दुसरा घटक ल्यूसीन आणि त्याची दोन भावंडं साचतात आणि काही दिवसांच्या बाळाच्या मेंदूला सूज येऊ शकते. गॅलॅक्टोसीमियात दुधातली साखर चालत नाही, म्हणजे आईचं दूधसुद्धा नाही. ग्लायकोजेन साठवणीच्या आजाराच्या एका प्रकारात लिव्हर उपाशीपोटी रक्तात साखर सोडूच शकत नाही, म्हणून दर काही तासांनी, रात्री उठवूनसुद्धा, कच्चं कॉर्नस्टार्च पाण्यात कालवून पाजावं लागतं.

याला पथ्य म्हटलं की घोटाळा सुरू होतो

आपल्या भाषेत औषध आणि पथ्य ही जोडी आहे. औषध मुख्य, पथ्य त्याच्या सोबतीला, आणि पथ्य थोडं मोडलं तरी चालतं असं मनातून सगळ्यांनाच वाटतं. एक दिवस खाल्लं तर काय होतंय, हे वाक्य प्रेमानेच येतं, आजीकडून येतं, शेजारच्या काकूंकडून येतं. या आजारांमध्ये मात्र बहुतेक वेळा पथ्य हेच औषध असतं, सोबतीला दुसरं काहीच नसतं.

आकड्यात बघा म्हणजे कळेल. कुठल्याही प्रोटीनचा साधारण 5 टक्के भाग फिनाइलअ‍ॅलनीन असतो, म्हणजे 1 ग्रॅम प्रोटीनमागे 50 मिलिग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, म्हणजे 300 मिलिग्रॅम झाले. तीव्र पीकेयू असलेल्या लहान मुलाची दिवसभराची मर्यादाच साधारण 200 ते 350 मिलिग्रॅम असते. एक अंडं खाल्लं की दिवस संपला. दूध, मांस, डाळी, दाणे हे तर बाद होतातच, पण तांदूळ, गहू, बटाटासुद्धा मोजून द्यावा लागतो.

मग मूल वाढणार कशावर? इथे ती पावडर येते. कारखान्यात अमिनो अ‍ॅसिड्स म्हणजे प्रोटीनचे सुटे मणी एकत्र करतात, फक्त नको असलेला मणी त्यात घालत नाहीत, वरून व्हिटॅमिन आणि खनिजं घालतात. या मुलांना लागणाऱ्या प्रोटीनचा मोठा भाग या पावडरमधूनच येतो. तिला मेडिकल फूड म्हणतात. तिचा वास आणि चव इतकी उग्र असते की ज्याला गरज नाही तो माणूस ती दुसऱ्यांदा तोंडाला लावणार नाही. पोट भरायला सोबत जवळजवळ प्रोटीन नसलेलं खास पीठ, पास्ता, ब्रेड लागतं. हे खाणारे लोक थोडे, बनवणाऱ्या कंपन्या त्याहून थोड्या, म्हणून साध्या पिठाच्या कैकपट किंमत.

आहाराने खरंच फरक पडतो हे कसं कळलं

1934 साली नॉर्वेत आस्बियर्न फोलिंग नावाच्या डॉक्टरांकडे एक आई आपली दोन मतिमंद मुलं घेऊन आली, मुलांना एक विचित्र वास येतो असं तिचं म्हणणं होतं. फोलिंगनी लघवीत एक केमिकल टाकलं आणि रंग हिरवा झाला, तिथून हा आजार ओळखला गेला. ओळखला गेला एवढंच, उपाय नव्हता.

उपायाची गोष्ट 1950 नंतरची, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या मुलांच्या हॉस्पिटलमधली. तिथल्या एका छोट्या मुलीला पीकेयू निघाला. ती उभी राहू शकत नव्हती, सतत रडायची, डोकं आपटायची. तिची आई रोज सकाळी होर्स्ट बिकेल या डॉक्टरांच्या लॅबच्या दाराशी येऊन उभी राहायची आणि माझ्या मुलीसाठी काहीतरी करा म्हणायची. शेवटी बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधातलं प्रोटीन तोडून, कोळशातून गाळून त्यातलं फिनाइलअ‍ॅलनीन काढलं आणि ते मिश्रण मुलीला सुरू केलं. काही महिन्यांत ती रांगायला लागली, उभी राहायला लागली, रडणं आणि डोकं आपटणं थांबलं. मग हा फरक खरंच आहारामुळे आहे का ते बघायला डॉक्टरांनी आईला न सांगता त्यात फिनाइलअ‍ॅलनीन परत घातलं. काही तासांतच मुलगी बिघडायला लागली. आजच्या नियमात हे असं न सांगता करणं बसणार नाही आणि बसूही नये, पण 1953 साली हे छापून आलं आणि आहार हा या आजाराचा उपचार आहे हे कुणाला नाकारता येईना.

एक वाईट बातमीही त्यातच होती. मेंदूचं जे नुकसान आधीच झालं होतं ते पूर्ण भरून आलं नाही. म्हणजे सुरुवात जन्मानंतर लगेच व्हायला हवी. अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब कागदावर घेऊन पीकेयू शोधायची टेस्ट काढली आणि 1963 मध्ये मॅसॅच्युसेट्सने ती सगळ्या बाळांना सक्तीची केली. आज अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत ती होते, इतर कितीतरी देशांतही होते.

मग उपचाराचं अन्न कधी झालं?

पीकेयूसाठी अमेरिकेत 1958 मध्ये लोफेनॅलॅक नावाची पावडर बाजारात आली. तेव्हा तिथल्या औषध खात्याने, म्हणजे एफडीएने, ती औषध म्हणूनच धरली, कारण चुकीच्या प्रमाणात दिली तर धोका होता आणि डॉक्टरांची देखरेख लागायची. 1972 मध्ये एफडीएने तिला औषधाच्या रकान्यातून काढून खास आहाराच्या रकान्यात टाकलं. हेतू वाईट नव्हता. औषधाला मंजुरी मिळवायला प्रचंड वेळ आणि पैसा लागतो, आणि इतक्या थोड्या पेशंटसाठी कुठली कंपनी ते करणार, तर अन्न म्हटल्यावर नवी उत्पादनं लवकर येतील असा विचार होता. आणि ती आलीही.

पण रकाना बदलल्याचा दुसरा परिणाम घराघरात पोचला. इन्शुरन्सचे करार औषधाला पैसे देतात, अन्नाला देत नाहीत. पावडर तीच, पाजणारी आई तीच, लिहून देणारे डॉक्टर तेच, पण आता ती जेवण झाली. 1988 मध्ये अमेरिकन कायद्यात मेडिकल फूडची व्याख्या आली, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचं, विशिष्ट आजाराच्या आहार-उपचारासाठी खास बनवलेलं अन्न, अशा अर्थाची. व्याख्या चांगली आहे, पण त्याचे पैसे कुणी द्यायचे यावर त्यात एक शब्दही नाही.

इन्शुरन्सवाले काय विचार करतात

त्यांची बाजूही नीट मांडतो. इन्शुरन्स हा अनिश्चित गोष्टींचा असतो, हजार जणांनी थोडं थोडं भरायचं आणि ज्याच्यावर संकट येईल त्याला त्यातून द्यायचं. गाडीचा इन्शुरन्स अपघाताचे पैसे देतो, पेट्रोलचे देत नाही, कारण पेट्रोल रोज लागणारच हे आधीच माहीत असतं. त्यांच्या नजरेत ही पावडर पेट्रोल आहे.

मला हे पटत नाही, आणि याचं उत्तर इन्सुलिनमध्ये आहे. टाइप 1 डायबेटिस असलेल्याला इन्सुलिन रोज लागतं, आयुष्यभर लागतं, ते लागणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं, तरी जिथे औषधांचा खर्च इन्शुरन्स देतो तिथे इन्सुलिनला कुणी पेट्रोल म्हणत नाही. फरक एवढाच की इन्सुलिन सुईतून जातं आणि पावडर पेल्यातून. आणि हा तोंडाचा फरक खरंच कागदावर आहे बरं का, अमेरिकेतल्या अनेक पॉलिसी हेच पावडरचं मिश्रण नळीतून पोटात सोडलं तर पैसे देतात आणि मुलाने स्वतःच्या हाताने प्यायलं तर देत नाहीत.

अजून एक उदाहरण. पीकेयूच्या काही पेशंटना, सगळ्यांना नाही, सॅप्रोप्टेरिन नावाच्या गोळीचा उपयोग होतो, ती 2007 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. ती औषध आहे, म्हणून औषधाच्या यादीत बसू शकते. आणि तिच्याच माहितीपत्रकात लिहिलंय की ती फिनाइलअ‍ॅलनीन कमी असलेल्या आहाराच्या जोडीने घ्यायची. म्हणजे ज्या आहारासोबत गोळी घ्यायची तो आहार घरच्यांनी बघायचा आणि कितीतरी महाग असलेल्या गोळीचं बिल इन्शुरन्सने बघायचं.

“जेवायला तर सगळ्यांनाच लागतं, त्याचे पैसे कोण देतं?”

हा प्रश्न प्रामाणिक असतो, तो विचारणाऱ्यावर चिडण्यात अर्थ नाही. उत्तर असं की कुणीही घरच्या जेवणाचे पैसे मागत नाहीये. प्रत्येक घर जेवणावर जितका खर्च करतं तितका याही घरांनी करावा, प्रश्न आजारामुळे वर जो खर्च पडतो त्याचा आहे. पावडरचं तर तेही लागू होत नाही, तिच्या जागी निरोगी मुलाच्या ताटात काहीच नसतं.

आणि न देण्याचाही खर्च असतो, तो दुसऱ्या वहीत लिहिला जातो एवढंच. उपचार न मिळालेलं पीकेयूचं मूल गंभीर मतिमंदत्व आणि फिट्स घेऊन जगतं, त्याला आयुष्यभर सांभाळावं लागतं. तो भार कुटुंबावर आणि सरकारवर पडतो, इन्शुरन्स कंपनीच्या हिशोबात तो येतच नाही, म्हणून कंपनीला एकट्याने हा निर्णय घेऊ दिला तर तो असाच होणार.

“उद्या कुणीही जिमच्या प्रोटीन पावडरचं बिल लावेल”

ही भीती थोडी खरी आहे. मेडिकल फूड हे लेबल लावून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच वस्तू या दर्जाच्या नसतात, आणि रेषा कुठेतरी ओढावीच लागते. पण या आजारांमध्ये ती ओढणं सोपं आहे. आजाराचं नाव ठरलेलं, निदान रक्तावरून आणि जीनवरून पक्कं होतं, आणि पेशंट पावडर घेतो की नाही ते त्याच्या रक्तातल्या फिनाइलअ‍ॅलनीनच्या आकड्यावरून दिसतं. इतकी पडताळणी किती औषधांची होते?

संख्याही बघा, अमेरिकेत पीकेयू साधारण 10,000 ते 15,000 जन्मांमागे एका बाळाला होतो. खर्च हप्ता भरणाऱ्या सगळ्या लोकांत वाटला गेला तर एकेकाच्या हप्त्यात नावापुरता फरक पडेल, एकाच घरावर पडला तर ते घर वाकतं.

अवघड जागा आहे ती कॉर्नस्टार्चसारखी. ते कुठल्याही दुकानात मिळतं, कुणाही घरात असू शकतं, आणि तरी एका मुलासाठी ते अक्षरशः रात्र काढायचं औषध असतं. तिथे आजाराचं नाव आणि डॉक्टरांनी लिहिलेलं रोजचं प्रमाण हाच आधार धरावा लागेल असं मला वाटतं.

“मोठं झाल्यावर तरी बंद करता येत असेल ना?”

डॉक्टरांनाही एके काळी असंच वाटायचं. मेंदूची मुख्य वाढ झाली की पुरे, म्हणून 5-6 वर्षांच्या मुलांचा आहार सोडवला जायचा. नंतर दिसलं की आहार सोडलेल्यांचं लक्ष लागत नाही, चिंता आणि नैराश्य येतं, विचार मंदावतो. 2000 साली अमेरिकेत तज्ज्ञांच्या सरकारी पॅनलने आहार आयुष्यभर ठेवा असं सांगितलं, आणि त्याचा खर्च इन्शुरन्सने द्यावा असंही म्हटलं.

सगळ्यात जास्त काळजीची गोष्ट बायकांची. पीकेयू असलेली मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली आणि तिच्या रक्तात फिनाइलअ‍ॅलनीन जास्त असेल तर ते नाळेतून बाळाकडे जातं, आणि बाळाला स्वतःला पीकेयू नसतानाही त्याचं डोकं लहान राहू शकतं, हृदयात दोष येऊ शकतो. त्यामुळे गरोदर राहायच्या आधीपासून आहार कडक हवा. म्हणून कुठल्याही योजनेत अमुक वयापर्यंतच अशी अट दिसली की मला वाईट वाटतं, कारण ज्या मुलीला त्या टेस्टने आणि आहाराने वाचवलं तिलाच आई होताना एकटं सोडल्यासारखं होतं.

वेगवेगळ्या देशांत काय चाललंय

अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी इन्शुरन्सला हे कव्हर करायला लावणारे कायदे केलेत, पण कुठे वयाची अट, कुठे वर्षाची मर्यादा, कुठे पावडर चालते पण कमी प्रोटीनचं पीठ नाही. शिवाय एक मोठं भगदाड आहे. मोठ्या कंपन्या बऱ्याचदा कर्मचाऱ्यांचा आरोग्य खर्च इन्शुरन्स विकत न घेता स्वतःच्या पैशातून करतात, आणि 1974 च्या एका केंद्रीय कायद्यामुळे अशा योजनांना राज्याचे इन्शुरन्स कायदे लागू होत नाहीत. म्हणजे आई किंवा वडिलांनी नोकरी बदलली की मुलाची पावडर बंद होऊ शकते. सगळ्यांना एकच नियम लावणारं मेडिकल न्यूट्रिशन इक्विटी अ‍ॅक्ट नावाचं विधेयक तिथल्या संसदेत अनेकदा मांडलं गेलंय. सैनिकांच्या कुटुंबांच्या योजनेत मात्र असा आहार 2016 च्या कायद्याने आणला गेला, म्हणजे करायचं ठरवलं तर जमतं.

ब्रिटनने वेगळा रस्ता घेतला. औषध की अन्न या वादात न पडता त्यांनी औषध आणि अन्न यांच्या सीमेवरच्या वस्तू अशी एक तिसरी यादीच केली, त्यासाठी समिती नेमली, आणि त्या यादीतली पावडर, पीठ, पास्ता डॉक्टर त्या त्या आजारासाठी औषधासारखं लिहून देऊ शकतात. मला हा मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

भारतात 2021 च्या दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात खास आहारावर सांभाळता येणाऱ्या आजारांचा वेगळा गट आहे, त्यात पीकेयू, मेपल सिरप, गॅलॅक्टोसीमिया असे आजार येतात. मूळ धोरणात या गटाला मदत करायचा विचार राज्यांनी करावा एवढंच होतं. 2022 पासून सेंटर्स ऑफ एक्सलन्समार्फत, म्हणजे दुर्मिळ आजारांसाठी सरकारने ठरवलेल्या हॉस्पिटलांमार्फत, मुंबईचं केईएम त्यातलंच एक, प्रत्येक पेशंटमागे 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते, आणि 1 एप्रिल 2023 पासून यादीतल्या आजारांसाठी स्वतःच्या वापराला मागवलेल्या अशा आहारावरची मूळ कस्टम ड्यूटी माफ आहे, त्याला सरकारी आरोग्य अधिकाऱ्याचं सर्टिफिकेट लागतं. खाजगी मेडिक्लेमचं चित्र मात्र वेगळं. इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाच्या नियमाप्रमाणे जेनेटिक आजार म्हणून सरसकट वगळता येत नाही, पण त्याच नियमांतलं 14 नंबरचं कलम सांगतं की आहारातली सप्लिमेंट्स हॉस्पिटलायझेशनच्या किंवा डे केअरच्या क्लेमचा भाग म्हणून लिहून दिली असतील तरच मिळतील. म्हणजे पावडर न मिळाल्यामुळे मूल आयसीयूत गेलं तर ते बिल पॉलिसीच्या अटींत बसू शकतं, आणि आयसीयूत जाऊच नये म्हणून घरी लागणारी पावडर बसत नाही.

क्लेम टाकायचाच असेल तर

डॉक्टरांच्या पत्रात डाएट, सप्लिमेंट, न्यूट्रिशन हे शब्द टाळा, कारण नकार याच शब्दांवर बसवला जातो. आजाराचं पूर्ण नाव आणि कोड (क्लासिकल पीकेयूचा ई70.0), रक्तातले आकडे तारखेसह, पावडरचं नाव, रोज किती ग्रॅम, आणि ती न मिळाल्यास काय होईल हे एका सरळ वाक्यात लिहून घ्या. नकार आला तर तो लेखी मागा, कुठल्या कलमाखाली ते विचारा. भारतात पुढे कंपनीचा तक्रार अधिकारी आणि मग इन्शुरन्स लोकपाल असतो, अमेरिकेत कंपनीतलं अपील आणि मग बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी मागता येते. आणि योजना जर नोकरीच्या कंपनीच्या स्वतःच्या पैशातून चालत असेल तर राज्याचा कायदा तिथे पोचत नसला तरी निर्णय त्या कंपनीच्याच हातात असतो, तेव्हा हेच पत्र, मुलाच्या रक्ताच्या आकड्यांसह, एचआरच्या टेबलावर ठेवा आणि पुढच्या वर्षीच्या योजनेत हे घाला असं थेट मागा.